लोणारची उतरण आणि खिशातला वाटाड्या

[कड्यावरून दिसणारं विवर. एसटीतून उतरणारी शाळेची पोरं.]

लोणारला येणारी सहल बहुतेक वेळा कड्यावरूनच परत जाते. मेहकरकडून एसटी येते, गुरुजी रांग लावतात, सगळे कठड्यापाशी उभे राहून खाली पाहतात. "हे उल्कापातानं झालं, लिहून घ्या." फोटो निघतो, डबे उघडतात. पुढं सिंदखेडराजा गाठायचं असतं.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि कड्यापासून तळ्यापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल. वरून दिसतं ते नुसतं हिरवं पाणी. बघण्यासारखं जे आहे ते उतरताना भेटतं. आज आपण ती उतरण उतरू. आणि प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट तपासू: इथं खिशातल्या फोननं बोलावं का, आणि बोलावं तर काय?

[नकाशा. त्यावर एकेक वर्तुळ उमटतं.]

जागा ओळखून बोलणाऱ्या ऑडिओ गाइडची कल्पना सोपी आहे. नकाशावर वाटेतली ठिकाणं निवडायची, प्रत्येकाभोवती वीस-तीस मीटरचं वर्तुळ आखायचं. तुम्ही त्या वर्तुळात पाऊल टाकलं की तिथलं निवेदन आपोआप सुरू होतं. स्क्रीनकडं बघायचं नाही, बटण दाबायचं नाही.

संग्रहालयात कानाला यंत्र लावून फिरणं जुनंच. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली रेडिओवरून अशी माहिती ऐकवत. पण उघड्या रानात हे जमायचं तर फोनला आपण कुठं उभे आहोत ते कळायला हवं. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. लोणारच्या हिशेबात शंभर मीटर म्हणजे कडा ते पाणी या अंतराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वाटेतल्या गोमुख झऱ्याची गोष्ट मध्येच झाडीत ऐकू आली असती. आता मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो.

"रेंज नाही, म्हणजे जीपीएस नाही" हे गावोगावी ऐकायला मिळतं. तसं नसतं. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. इंटरनेट कामाला येतं ते सुरुवातीला: कोणता उपग्रह कुठं आहे ही माहिती नेटवरून मिळाली तर जागा काही सेकंदांत सापडते. नाही तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू उतरवून घ्यावी लागते, त्यात कधी कधी काही मिनिटं जातात. म्हणून ॲप गावातच सुरू करायचं. नकाशा आणि आवाजही तिथंच उतरवून घ्यायचे. नुसत्या बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, म्हणजे मिनिटाला अर्धा एमबी. चाळीस मिनिटांचं निवेदन वीस एमबीत मावतं. शुभेच्छांचे दोन-तीन व्हिडिओ पुढं ढकलण्यात याहून जास्त डेटा जातो.

[गोमुख. वाहत्या पाण्याचा आवाज.]

पहिला थांबा धार, म्हणजे गोमुख. बारमाही गोड्या पाण्याचा झरा. हेच पाणी खाली तळ्यात जातं, आणि तळ्याचा पीएच (पाणी आम्ल की क्षारयुक्त याचं माप, शुद्ध पाण्याचा सात) वर्षानुवर्षं दहाच्या आसपास मोजला गेला आहे. वर पिण्याजोगं, खाली इतकं क्षारयुक्त की पिता येत नाही. तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. ते उन्हानं उडून जातं आणि क्षार मागं राहतात. गुरुजींच्या पिशवीत लिटमस पेपर असला तर इथं एक बुडवून ठेवावा, दुसरा तळ्याकाठी. फोननं इथं एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. पाण्याचा आवाज चालू असताना पाच मिनिटं बोलणारा गाइड हा गाइड नव्हे, प्रवचन आहे.

[पायऱ्यांची उतरण. काळा कातळ.]

आता दगड. दख्खनचा हा काळा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर. विवराच्या कडेला हे थर जागचे उचकटून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि तो कल डोळ्यांना दाखवावा लागतो. पुस्तकातली आकृती इथं उपयोगाची नाही. "उजवीकडे बसाल्टचे स्तर आढळतात" असं वाक्यही उपयोगाचं नाही. इथं आवाज इकडचाच हवा, इकडच्याच बोलीतला:

"थांबा जरासे. पाय रोवून उभे राहा. आता उजव्या हाताले पाहा. तो काळा दगड दिसते ना, त्याचे थर कोन्या बाजूले झुकले ते सांगा."

मग वीस सेकंद काहीच नाही. पोरं भांडू देत.

मग पुढची गोष्ट. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं हे ज्वालामुखीचं मुख असावं असं मानणारे बरेच होते, आणि ते वेडे नव्हते. सगळीकडं लाव्हाचा दगड, मग दुसरं काय वाटणार? १९७० च्या दशकात तळात भोकं पाडून नमुने काढले. त्यांत प्रचंड धक्क्यानं काच झालेलं खनिज सापडलं. ज्वालामुखीत तेवढा दाब कधी होत नाही. उल्का ठरली ती तिथं.

वयाचं मात्र अजून भांडण आहे. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं निघाली, तर २०१० च्या सुमारास दगडातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीतून ५ लाख ७० हजार. दहापट फरक! फलकांवर बहुतेक एकच आकडा असतो. माझं म्हणणं, फोननं दोन्ही सांगावेत आणि दोन्ही कसे काढले तेही सांगावं. आठवीतल्या पोराला हे समजतं.

[वळणावळणाची वाट. फोनवर चुकीचा थांबा सुरू होतो.]

इथं यंत्राची खरी परीक्षा आहे. तळ्याच्या मधोमध आभाळ मोकळं असतं. तिथून पाहिलं तर कडा क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. पण आपण मधोमध नाही, भिंतीला लागून आहोत. एका बाजूचे उपग्रह कड्याआड जातात, काहींचे सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतात. त्यात पावसाळ्यानंतरची ओली झाडी. पाच मीटरची चूक तीसवर जायला वेळ लागत नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे वाट नागमोडी आहे. वरची पायरी आणि तिच्याखालचं देऊळ नकाशावर जवळजवळ एकाच जागी. फोनला उंचीचा अंदाज आडव्या अंतरापेक्षाही कच्चा असतो. मग वर उभ्या पोरांना खालच्या देवळाची गोष्ट ऐकू येते. यावर साधा इलाज आहे: थांब्यांना क्रम लावायचा. तिसरा झाल्याशिवाय चौथा वाजायचा नाही, जागा काहीही दिसो. आणि वर्तुळ पायरीवर आखायचंच नाही. जिथं दहा पोरं उभी राहतील अशा सपाटीवर आखायचं. कानात आवाज आणि पायाखाली सुटा दगड ही जोडी वाईट. दोन्ही कान बंद करणारे इअरफोन तर या वाटेवर नकोच. चौघांत एक फोन, स्पीकर चालू, हे बरं.

[गावातलं दैत्यसूदन मंदिर. आतला अंधार.]

उतरण जरा बाजूला ठेवून गावातला एक थांबा पाहू. देवळात शिरलं की उपग्रह सुटले. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या जाड दगडी छताखाली जीपीएसचा भरवसा नाही. तिथं दाराशी क्यूआर कोडची पाटी लावावी, किंवा नुसता आकडा.

लवणासुराची गोष्ट इथंच सांगायची. दैत्य जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्यानं त्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण दूर जाऊन पडलं, त्याचा डोंगर झाला. तळ्यातलं पाणी त्याचं रक्त, मीठ त्याचं मांस. विज्ञानाची सहल आहे म्हणून हे गाळणारे भेटतात. मला ते पटत नाही. एका घावात जमीन फुटली, झाकण उडून लांब पडलं, खड्ड्यात खारं पाणी साठलं, एवढं तर या गोष्टीनं पाहिलं होतंच. फक्त उल्केच्या गोष्टीत ती मिसळू नये. दोन्ही वेगवेगळ्या आवाजांत असाव्यात, पोरांना फरक कळतो.

[तळ्याचा काठ. कमळजादेवीचं देऊळ.]

काठावर सांगण्यासारखं इतकं आहे की निवडताना जीव कासावीस होतो. इथला खार पूर्वी काढून विकला जाई, प्रतीप्रमाणे त्याला पापडी, दल्ला, खुप्पल अशी नावं होती. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो रंग निघाला. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

आणि कमळजादेवीजवळची सासू-सुनेची विहीर. एका बाजूला गोडं पाणी, एका बाजूला खारं. लोकांनी नाव ठेवलं, कोणती बाजू कुणाची ते मात्र ज्यानं त्यानं ठरवावं.

पण तळं चढलं की ही विहीर पाण्याखाली जाते. नकाशावरचा बिंदू तिथंच राहतो आणि फोन पाण्याकडं बोट दाखवून "समोर विहीर आहे" म्हणतो. म्हणून या थांब्याला दोन निवेदनं हवीत, पाणी चढलेलं आणि पाणी उतरलेलं.

[वाटाड्या पोरांशी बोलतो आहे.]

यानं इथल्या वाटाड्यांच्या पोटावर पाय येईल का? त्यांच्याकडून गोष्टी घेऊन त्यांनाच डावललं, तर नक्की येईल. आवाज त्यांचा घ्यावा, त्याचे पैसे द्यावेत, आणि शेवटच्या थांब्यावर त्यांना प्रत्यक्ष भेटवावं. "मग त्या दैत्याच्या बायकोचं काय झालं?" या प्रश्नाला कोणतंही ॲप पुरं पडणार नाही.

परतीच्या चढाला फोन गप्प ठेवायचा. दम लागलेला असतो, कुणी ऐकत नाही, आणि जीपीएस बंद केलं की बॅटरीही वाचते.

राहिला प्रश्न देखभालीचा. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा कुणीतरी फोन घेऊन ही वाट चालायला हवी. कुठं दरड आली, कुठं वेड्या बाभळीनं वाट बुजली, वन विभागानं कुठला भाग बंद केला, ते पाहून वर्तुळं सरकवायची. काम घरी बसून होत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या कंपनीकडून तर नाहीच. तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजच्या भूगोल विभागाला ते सहज जमेल. फक्त पहिल्या दिवशीच, निवेदन बनवायच्या पैशातून, त्यासाठीची रक्कम वेगळी काढून ठेवायला हवी.