औषध माशाला नाही, पाण्याला

[दृश्य: काचेजवळ आलेला मासा. शेपटीवर तीन पांढरे ठिपके.]

मिठाचे तीन कण चिकटलेत असं वाटतं. काल ते नव्हते. मासा मध्येच झपकन वळतो, दगडाला अंग घासतो आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन थांबतो. कल्ले भराभर हलतायत.

मासे पाळणारे याला 'इक' किंवा 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे भरपूर लेकरं असलेली माशाची ऊ. खरं तर ही ऊ नाही, एकपेशीय जीव आहे. लेकरांचं मात्र अगदी खरं.

घाई करण्याआधी एकदा नीट बघा. विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवरही पांढरे दाणे येतात. तो आजार नव्हे, त्याला काहीही करू नका.

[दृश्य: ठिपका अगदी जवळून.]

हा ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून माशावर पोसला जाणारा परजीवी. वर माशाच्याच त्वचेचं पांघरूण, त्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो बाहेर पडतो, वाळूला नाहीतर पानाला चिकटतो, भोवती कवच करतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो होतात. मग कवच फुटतं आणि ती पिल्लं मासा शोधत पोहू लागतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही, तर मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर.

म्हणूनच ठिपके गेले की औषध बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मासा स्वच्छ दिसतो तेव्हा तळाशी पुढची फौज तयार होत असते. कोमट पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे चालतं.

[दृश्य: टाकीला लावलेली मोजपट्टी.]

आता मात्रा. टाकी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 36 उंच. हिशेबाने 65 लिटर. पण पाणी काठापर्यंत नाही आणि खाली वाळू आहे. प्रत्यक्षात पाणी भरतं 50 लिटरच्या आसपास. 65 धरून औषध टाकलं तर मात्रा तीस टक्क्यांनी वाढली. लोच आणि मांगूरवर्गी माशांना, ज्यांच्या अंगावर खवले नसतात किंवा अगदी बारीक असतात, तेवढं वाढीव औषधही सोसत नाही. मी एकदा उतावळेपणाने दोन औषधं एकत्र टाकली होती. सकाळी दोन लोच तळाशी आडवे होते. त्या दिवसापासून मी आधी पाणी मोजतो, मगच बाटली उघडतो.

तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. ती टाकीत असतील तर आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवा. मूळ टाकीत एकही मासा उरला नाही, तर तिथला परजीवी उपाशी मरतो. फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो, उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवा. काही औषधांनी फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरतात. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया तेच संपवत असतात, तेव्हा पाण्यातला अमोनिया रोज तपासा.

तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेण्याचा उपायही चांगला, कारण बहुतेक इक त्या पाण्यात वाढत नाही. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. थंड पाण्याच्या माशांवर हा प्रयोग नको.

आणि नवा मासा आणला, की तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत. याला पर्याय नाही.

[दृश्य: तोच मासा, दहावा दिवस.]

शेपटी स्वच्छ आहे. दगडाजवळून जातो, पण अंग घासत नाही. दाणे टाकले तसा वर आला. बाटली आणि ड्रॉपर अजून टाकीशेजारीच आहेत. आजची मात्रा द्यायची आहे.