विगची टोकं पिंजली की…

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे कृत्रिम धाग्याच्या विगबद्दल, आणि त्यातही त्याच्या टोकांबद्दल. नव्या विगवरून हात फिरवला की बोटं सुळकन खाली येतात. काही आठवडे रोज वापरला की मानेमागचे धागे कापूस पिंजल्यासारखे फुलतात, एकमेकांत अडकतात. माथ्यावरचा भाग मात्र नव्यासारखाच असतो. बरेच जण म्हणतात, विग जुना झाला, किंवा मळला. मग ते तो जास्त वेळा धुतात, आणि टोकं आणखी बिघडतात.

विग उलटा धरा आणि मानेवर टेकणारा सगळ्यात खालचा थर उजेडात पाहा. टोकांपासून चार-पाच सेंटीमीटरपर्यंत धागे आखडलेले, बारीक वळ्या पडलेले दिसतील. त्याच्या वरच्या थरात हे कमी, आणि माथ्याजवळ मुळीच नाही. वय झाल्यामुळे बिघडला असता तर सगळाच बिघडला असता. बिघडला तो जिथे शर्टाची कॉलर, स्कार्फ, बॅगेचा पट्टा किंवा खुर्चीची पाठ घासते तिथेच.

कधी उलटंही दिसतं. मागची टोकं ठीक, पण कपाळावरच्या बटा करपल्यासारख्या आखडलेल्या. तिथे दोष उष्णतेचा. ओव्हनचं दार उघडताना तोंडावर येणारा झोत, कुकरची वाफ, शेगडीवर वाकणं, कपड्यांची इस्त्री. एवढ्यानंही काम होतं.

याचं कारण धाग्यात आहे. हा धागा मोडॅक्रिलिक (ॲक्रिलिकच्याच जातीचा कृत्रिम धागा), पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक) किंवा पॉलिएस्टरचा असतो. कानेकालॉन हे नाव विगच्या पाकिटावर दिसतं, तो जपानी कंपनीचा मोडॅक्रिलिक धागा. डोक्यावरच्या केसाला मुळाकडून तेल मिळतं आणि टोक कापलं तरी मागून वाढ चालू असते. धाग्याला यातलं काही नाही, तो एकदा खरखरीत झाला की झाला. तो पाणीही फार कमी शोषतो. त्यामुळे कोरड्या हवेत त्याच्यावर स्थिर वीज साठते, धागे कपड्याला चिकटतात आणि अधिकच घासले जातात. विगचं वळण कारखान्यात उष्णता देऊनच बसवलेलं असतं. पीव्हीसी तर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. मऊ पडलेला धागा थंड होताना ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत बसतो. चुरगळलेला असेल तर चुरगळलेलाच.

आता धुण्याकडे येऊ. रोज वापर असेल तर ८ ते १० वेळा घातल्यावर एकदा धुवा. उन्हाळ्यात, घाम जास्त असेल तर थोडं आधी. पहिलं काम गुंता सोडवण्याचं, आणि तेही विग कोरडा असताना. रुंद दातांचा कंगवा घ्या, बट मधोमध मुठीत पकडा, टोकांपासून सुरुवात करा आणि दोन-दोन बोटं वर सरका. वरून ओढत आणलेला कंगवा सगळा गुंता टोकात नेऊन घट्ट करतो. कुरळ्या विगला कंगवाही नको, बोटं पुरेत.

बादलीत किंवा टबमध्ये ४ ते ५ लिटर थंड पाणी घ्या. त्यात विगचा किंवा साधा सौम्य शाम्पू एक-दोन चमचे मिसळा. विग बुडवून पाच मिनिटं तसाच ठेवा, नंतर पाण्यात हलकेच वर-खाली करा. चोळायचं नाही, डोक्यावर शाम्पू लावतो तसा गोल फिरवायचा तर नाहीच. डोक्याला टेकणारी आतली जाळी तेवढी बोटांनी पुसून घ्या, कारण घाम आणि मेकअप तिथेच साचतो. मग स्वच्छ थंड पाण्यात दोनदा बुडवून काढा. शाम्पूचा अंश राहिला तर तो सुकल्यावर धागे एकमेकांना धरून ठेवतो.

कंडिशनर फक्त अर्ध्यापासून खाली लावा. पुढे कपाळाच्या कडेला लेस, म्हणजे बारीक पारदर्शक जाळी, असेल तर तिथे गाठी मारून बसवलेल्या धाग्यांना तो लागू देऊ नका, गाठी सैल होतात. कपड्यांचं सॉफ्टनर पाण्यात घालून विग भिजवण्याची पद्धत अनेक जण सांगतात. त्यानं विग मऊ लागतो हे खरं, पण जास्त झालं तर धाग्यावर थर चढतो, धूळ धरते आणि विग जड दिसू लागतो. रोजच्या वापरातल्या विगला ते करू नये असं आमचं मत.

पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून हातानं दाबा, पाणी टॉवेल ओढून घेतो. नंतर विग एकदा झटका आणि जाळीच्या किंवा तारेच्या स्टँडवर सावलीत सुकू द्या. ओला विग विंचरू नका. ओला धागा ताणला जातो, वळण सैल होतं. हेअर ड्रायरही नको.

रोजच्या वापरात दोन-तीन सवयी जास्त उपयोगाच्या. विग काढल्यावर टोकांना विगचा अल्कोहोल नसलेला सिलिकॉन स्प्रे २५ ते ३० सेंटीमीटर अंतरावरून मारा, एक-दोन फवारे बस. खोबरेल किंवा डोक्याचं दुसरं कुठलंही तेल नको, धागा ते पीत नाही, नुसता चिकट होतो. विग लांब असेल तर गाडीत बसताना आणि खुर्चीत रेलताना सगळे केस पुढे घ्या. लोकरीच्या कॉलरवर आतून सॅटिनचा रुमाल ठेवला तर घासणं बरंच कमी होतं. विग घालून झोपू नका.

टोकं आधीच पिंजली असतील तर आधी पाकीट पाहा. ‘हीट फ्रेंडली’ असं लिहिलेलं असेल तरच हेअर स्ट्रेटनर वापरा, आणि पाकिटावरच्या कमाल तापमानापेक्षा वर जाऊ नका. मानेजवळच्या आतल्या एका बटेवर आधी कमी आचेवर, साधारण १२० अंशांवर, करून पाहा. विग पूर्ण कोरडा हवा. ओलावा राहिला तर वाफ धरते आणि धागा फुगून चिकटतो. दोन-तीन सेंटीमीटर रुंदीची बट घ्या, पुढे कंगवा आणि त्यामागोमाग स्ट्रेटनर असा एकदाच सावकाश खाली न्या. मग बट सोडू नका, गार होईपर्यंत दोन बोटांत सरळ ताणून धरा. घाईनं सोडलेली बट परत वळते. असा सरळ केलेला भाग नव्यापेक्षा लवकर पिंजतो, हेही लक्षात ठेवा.

पाकिटावर काही लिहिलेलं नसेल तर उष्णता नको, कात्री बरी. विग स्टँडवर ठेवून कोरडाच कापा. कात्री उभी धरून टोकं ३ ते ५ मिलीमीटर टिपत जा. आडवी सरळ कापली तर कड झाडूसारखी दिसते. वस्तऱ्यानं पातळ करू नका, तासलेला धागा पुन्हा लगेच फुलतो. खांद्यावर नेमका टेकणारा विग असेल तर तो कॉलरच्या वर येईल एवढा आखूड करणं हा सगळ्यात टिकाऊ उपाय, फक्त एकदम कापू नका. आधी अर्धा सेंटीमीटर, मग घालून आरशात मागून पाहा, मग पुढचा.