हार्ट अटॅकचं घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'हार्ट अटॅक : हॉस्पिटलमधले उपचार आणि रिझल्ट'. बोलणार त्यावरच आहे, पण त्यातल्या एका मुद्द्यावर जरा जास्त, कारण तो बरीच वर्षं डोक्यात घोळतोय. हृदयाचं नुकसान सुरू होतं दुखायला लागल्या क्षणापासून, आणि हॉस्पिटलं वेळ मोजतात पेशंट दारातून आत आल्यापासून. मधले तास कोणाच्याच हिशोबात येत नाहीत. आणि खरं नुकसान तिथेच होऊन जातं.

आधी एक विचारतो. छातीत जळजळलं आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन झोपून टाकलं असे इथे किती जण आहेत, हात वर करा बरं. बघा, निम्मा हॉल. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरांचेही हात वर आहेत! (हशा) बहुतेक वेळा ती अ‍ॅसिडिटीच असते, म्हणून तर घात होतो, दहा वेळा गोळीने बरं वाटलेलं असतं आणि अकराव्या वेळीही माणूस गोळीच शोधतो.

आता आयझेनहॉवरची गोष्ट. काहींनी माझ्याकडून आधी ऐकली असेल, परत ऐका, मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५५ चा सप्टेंबर महिना, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सुट्टीवर डेन्व्हरला गेलेले. दिवसभर गोल्फ खेळले, मधे कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला, पोटात कसंतरी व्हायला लागलं तर म्हणाले कांदा बाधला. रात्री दीड-दोनच्या सुमारास छातीत दुखायला लागलं. पत्नीने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना बोलावलं, ते आले, मॉर्फीन दिलं, पेशंट झोपी गेला. सकाळी पत्रकारांना काय सांगितलं, तर पोट बिघडलंय. आणि ईसीजी कधी काढला? दुपारी! जगात ज्याला सगळ्यात जास्त जपलं जातं असा माणूस, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, आणि ईसीजी दुखायला लागल्यावर दहा-अकरा तासांनी. ते डॉक्टर नंतर म्हणत राहिले की मला रात्रीच कळलं होतं, झोपू द्यायचं म्हणून थांबलो, इतिहासकारांचा त्यावर अजून वाद आहे, आपण त्यात पडायला नको.

मग त्यांना तिथल्या लष्करी हॉस्पिटलात हलवलं. ऑक्सिजनचा तंबू, रक्त पातळ करायचं औषध आणि सक्तीची विश्रांती, मुक्काम जवळपास सात आठवडे. बॉस्टनहून पॉल डडली व्हाइट आले, त्या काळातले मोठे हृदयरोगतज्ज्ञ. मला त्यांचं फार कौतुक आहे, कारण त्यांनी पत्रकारांना समोर बसवून अटॅक म्हणजे काय, नस कशी बंद होते, हे सगळं उलगडून सांगितलं, अगदी साहेबांना शौचाला साफ झालं हेसुद्धा सांगून टाकलं, आणि ते छापूनही आलं. लोकांनी नाकं मुरडली, पण अटॅक आलेला माणूस परत कामाला लागू शकतो हे घराघरात पोचलं. आयझेनहॉवर पुढच्याच वर्षी परत निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

ही गोष्ट एवढी लांबवतोय त्याला कारण आहे. त्या रात्री दहा तास गेले, पण ते तास वाया गेले नसते तरी डॉक्टरांच्या हातात त्या तासांत करण्यासारखं फार नव्हतं, बंद पडलेली नस उघडायचा उपायच नव्हता. साठच्या दशकात आयसीसीयू, म्हणजे हृदयाच्या पेशंटचा अतिदक्षता विभाग, सुरू झाली, मॉनिटर लागले, ठोके बिघडले तर शॉक देता यायला लागला, तेव्हा कुठे हॉस्पिटलात पोचून दगावणारे, जे आधी शंभरातले तीसेक असायचे, ते साधारण निम्म्यावर आले. मग १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंटझिगनी हृदयाच्या नसेची पहिली अँजिओप्लास्टी केली, म्हणजे नसेत बारीक बलून फुगवून ती उघडली. आणि १९८६ मध्ये इटलीतल्या जिस्सी अभ्यासाने, पावणेबारा हजारांच्या आसपास पेशंट होते त्यात, नस बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने जीव वाचतात हे दाखवून दिलं. माझा जीव अडकलाय तो त्यातल्या एका आकड्यात. दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, आणि सहा तास उलटून गेलेल्यांना म्हणावा तसा फायदाच दिसला नाही. औषध तेच, डोस तोच, फरक फक्त वेळेचा.

आता एका केसची फाईल सांगतो, हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. मधुमेह असलेल्या एक बाई. पहाटे चारला घाम फुटला, दम लागला, जबडा दुखायला लागला, छातीत मात्र फारसं काही नाही. बायकांमध्ये आणि मधुमेहात असं बरेचदा होतं, म्हणून घरच्यांनाही शंका आली नाही, सकाळ होऊ दे म्हणाले. आठला जवळच्या छोट्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी काढला, एसटी, म्हणजे मोठा अटॅक दाखवणारा ईसीजीच्या रेषेचा भाग, वर उचललेली, कोणीही ओळखेल इतकी स्पष्ट. पण तिथे कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नव्हती, रेफर करायचं ठरलं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईना, कागद तयार होईनात, मुलगा पोचेना, यात अडीच तास गेले, आणि त्या अडीच तासांत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यावं का हा प्रश्नसुद्धा फाईलमध्ये कुठे लिहिलेला नाही. मोठ्या हॉस्पिटलात पोचल्या दहा पन्नासला, पावणेबाराला बलून फुगवला. दारात आल्यापासून बलून फुगवेपर्यंतची वेळ म्हणजे डोअर टू बलून. शेरा काय? 'डोअर टू बलून ५५ मिनिटं, उत्तम.'

कोणी खोटं लिहिलेलं नाही, त्या टीमने खरंच धावपळ केली. पण पहाटे चार ते पावणेबारा किती होतात ते मोजा. घरी गेल्या तेव्हा हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं होतं, आणि कागदावर केस उत्तम! अजून एक बघा, मोठ्या हॉस्पिटलातल्या पहिल्या ईसीजीच्या कोपऱ्यात छापलेली वेळ होती साडेदहा. म्हणजे पेशंट दारात यायच्या वीस मिनिटं आधीच ईसीजी निघाला! मशीनचं घड्याळ कोणी कधी लावलंच नव्हतं. ज्या उपचारात मिनिटांचा हिशोब ठेवायचा तिथे कॅज्युअल्टीची भिंत, ईसीजी मशीन आणि कॅथलॅब या तिघांची तीन घड्याळं, याचा मला मनापासून राग येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं उरलीत आणि मुख्य विषय अजून राहिलाय. भराभर सांगतो.

अमेरिकेत २००५ ते २००९ मध्ये डोअर टू बलूनची वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आणली, ९६ हजारांवर पेशंटचा हा हिशोब २०१३ साली छापून आला, आणि हॉस्पिटलातल्या मृत्यूंचं प्रमाण ४.८ टक्क्यांवरून झालं ४.७, म्हणजे होतं तिथेच राहिलं. यावर वाद आहेत, जास्त गंभीर पेशंट यायला लागले असंही म्हणतात आणि त्यात तथ्य असेल, शिवाय बलून वेळेत व्हायलाच हवा, त्यात सूट मागत नाहीये. पण त्या बाईंसारख्या एकूण पावणेआठ तासांतली सोळा मिनिटं वाचवून किती फरक पडणार? म्हणून माझी पहिली मागणी अशी की डिस्चार्ज कार्डावर दुखायला कधी लागलं, पहिला ईसीजी कधी निघाला, नस कधी उघडली, या तिन्ही वेळा छापा, आणि हॉस्पिटलांची तुलना करायची तर या पूर्ण वेळेवर करा.

दुसरं, ईसीजी पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत. मोठा अटॅक दिसला आणि १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून इंजेक्शन तिथल्या तिथे द्या आणि मग पाठवा, हे नियमात लिहिलेलं आहे, रेफरची चिठ्ठी लिहिली म्हणजे उपचार झाला नाही. आणि अ‍ॅस्पिरिन! १९८८ चा इसिस-२ अभ्यास, १७ हजार पेशंट, अ‍ॅस्पिरिनच्या छोट्या डोसने पाच आठवड्यांतले मृत्यू साधारण पावपटीने कमी झाले, गुठळीच्या इंजेक्शननेही जवळपास तेवढेच, आणि दोन्ही मिळून ४२ टक्के. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ती गोळी चावून खायला लावतात, फोनवर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना विचारा, पण आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

तिसरं, रिझल्ट म्हणजे पेशंट जिवंत घरी गेला एवढंच धरू नका, वर्षभराने तो कसा आहे तेही मोजा. जिना चढतो का, कामावर गेला का, सिगरेट सुटली का, गोळ्या चालू आहेत का. कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि समुपदेशन, याने परत अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येते, तरी बहुतेकांना त्याचं नावसुद्धा कोणी सांगत नाही. आणि स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवायच्या दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, विशेषतः पहिले काही महिने, कारण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो नवा अटॅक असतो आणि बरेचदा पहिल्यापेक्षा वाईट. दात काढायचाय, डॉक्टर गोळी थांबवा म्हणाले, असं झालं तर त्याच खुर्चीत बसून आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावा, दात चार दिवस थांबू शकतो. चला, प्रश्न घेऊया.