सुरी लागण्याआधीचा तास

उपजिल्हा रुग्णालयातील पहिले सिझेरियन सकाळी असले, तरी संसर्ग टाळण्यासाठीची त्याची तयारी आदल्या दुपारीच सुरू होते. घड्या घातलेले गाऊन, हिरवी कापडे आणि अवजारांचे संच ड्रममध्ये, म्हणजे धातूच्या डब्यांत, भरून ऑटोक्लेव्ह या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात जातात. तेथे १२१ अंश सेल्सिअस तापमानाची, दाबाखालील वाफ कापडाच्या प्रत्येक थरात शिरावी लागते. म्हणूनच ड्रम ठासून भरू नये, असे सिस्टर नव्या मदतनिसाला बजावत आहेत. बाहेर आलेल्या ड्रमवर चिकटवलेल्या फितीवरील रेघा काळ्या पडलेल्या दिसतात, परंतु ही फीत ड्रमला वाफ लागली एवढेच सांगते. आतले सामान निर्जंतुक झाले की नाही, हे पाहण्यासाठी आत वेगळी रासायनिक पट्टी ठेवावी लागते आणि ठरावीक काळाने जैविक चाचणीही करावी लागते. या चाचण्यांची नोंदवही तपासणी पथक येईपर्यंत सहसा कोणी उघडत नाही. आमच्या मते ती रोज उघडली जायला हवी.

मातेला साबणाने अंघोळ घालण्यात आली आहे. केस काढण्याची गरज असेलच, तर येथे वस्तरा वापरत नाहीत, क्लिपर, म्हणजे केस कापण्याचे यंत्र, वापरतात, कारण वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतूंना तेथेच आसरा मिळतो.

आता सलाईनच्या नळीतून दिले जाणारे हे इंजेक्शन पाहा. पूर्वी प्रतिजैविकाची ही मात्रा बाळाची नाळ बांधल्यानंतर देत असत, जेणेकरून औषध बाळापर्यंत पोहोचू नये. पुढे झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की, छेद घेण्यापूर्वीच औषध दिल्यास मातेचा संसर्ग अधिक टळतो आणि बाळाला त्यामुळे अपाय होत नाही. त्यामुळे आता सेफाझोलिनसारख्या औषधाची एक मात्रा छेदापूर्वीच्या तासाभरात दिली जाते. कळा सुरू झालेल्या किंवा पाणमोट फुटलेल्या मातेच्या बाबतीत योनिमार्गातील जंतू गर्भाशयाकडे चढण्याचा धोका वाढलेला असतो. अशा २,०१३ मातांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधाला अ‍ॅझिथ्रोमायसिनची जोड दिल्यावर संसर्गाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस प्रतिजैविके चालू ठेवण्याची सवय मात्र अनेक ठिकाणी अजून सुटलेली नाही, आणि वेळेवर दिलेल्या या एका मात्रेची बरोबरी त्या गोळ्या करू शकत नाहीत.

सर्जन कोपरापर्यंत हात धूत आहेत. पोटावर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्यानंतर भूलतज्ज्ञ, सर्जन आणि सिस्टर असे तिघेही थांबले आहेत, कारण द्रावण आपोआप वाळू द्यावे लागते. ते ओले असताना कॉटरी, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेने डागणारे उपकरण, वापरली, तर पेट घेण्याचाही धोका असतो. योनिमार्ग पोव्हिडोन आयोडीनने पुसून घेतलेला आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रसूतींमागे साधारण एक सिझेरियनने झाली, तर गोव्यात हे प्रमाण दहांत जवळजवळ चार होते. इतक्या मातांच्या पोटावर ही जखम असते. ती चिघळली, तर टाके उकलतात, रुग्णालयातला मुक्काम लांबतो, आणि संसर्ग रक्तात पसरल्यास जिवावर बेतते. घरी गेलेल्या मातेकडे आशा ताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच वेळा जातात. ताप, जखमेतून येणारा पू, वाढती लाली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास त्यांनी तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचे असते.