आत्याबाई, कुंभाराचं चाक आणि इरावतीबाई

(तालुक्याच्या गावी एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी एक काम सांगते. हात वर करायचे आहेत. तुमच्या घरात किंवा जवळच्या नात्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं कुणी आहे का? ... वीसेक हात दिसतात. मागच्या रांगेतला एक हात अर्धा वर आला आणि शेजारून खाली ओढला गेला, तोही मोजते. आता दुसरा प्रश्न. आत्याच्या मुलीशी? ... एकच हात. "आमची आई धारवाडकडची," असं म्हणताय? मग बरोबर आहे. तुमचा हात वर यायलाच हवा होता.

हाच प्रश्न मी मथुरेत एखाद्या सभागृहात विचारला असता तर हात वर आले नसते, माझ्या दिशेनं चप्पल आली असती. तिकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण, विषय संपला. कित्येक ठिकाणी तर गावातल्या गावात मुलगी देत नाहीत, कारण गावातल्या सगळ्या मुली बहिणी. इकडे दक्षिणेत उतरावं तर मामाची चालते आणि आत्याचीही चालते. आपण मध्ये. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची चालते, आत्याची नाही. एक बाजू उघडी, एक बंद.

ही गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक होती. आजीला ठाऊक होती, लग्न जमवणाऱ्या भटजींना ठाऊक होती. पण ती 'संस्कृती' आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. ती घरातली भानगड होती. संस्कृती म्हणजे वेद, अजिंठा, ज्ञानेश्वरी. इरावती कर्वे नावाच्या बाईंनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत एक जाड ग्रंथ लिहिला. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या पट्ट्यात ठेवलं. त्यासाठी त्यांनी काय गोळा केलं? राजांची नावं नाहीत. काका, मामा, मेहुणा, नणंद, जाऊ यांना कुठल्या भाषेत काय म्हणतात ते शब्द. सासर-माहेरच्या ओव्या आणि म्हणी.

जुन्या घरांतून सून सासूला 'आत्याबाई' म्हणायची. अजून म्हणतात काही ठिकाणी. का म्हणायची? ज्या घरात मुलगा मामाची मुलगी करून आणतो, त्या घरात सुनेची सासू ही खरोखरच तिची आत्या असते. पुढे तसं लग्न होवो न होवो, शब्द राहतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाऊल उमटावं तसा. इरावतीबाई अशी पावलं शोधत हिंडल्या.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'थोर मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे: जीवन व कार्य'. मी म्हटलं, जीवन दहा मिनिटांत उरकते, कार्यावर बोलू द्या. तर जीवन.

जन्म 1905, ब्रह्मदेशात. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते, म्हणून मुलीचं नाव इरावती नदीवरून. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात हुजूरपागेत आल्या. तिथे रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला ही मैत्रीण मिळाली, आणि पुढे परांजप्यांच्या घरातच राहणं झालं. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. विषय कुठला घेतला? चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न झालं. विधवांच्या शिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षींना आपल्या सुनेनं आणखी शिकायला जर्मनीला जावं हे मात्र पटलं नव्हतं. घराघरांत असतं हे. नवऱ्याचा पाठिंबा होता, त्या गेल्या. स्कूटरची गोष्ट मी सांगणार नाही, कारण इरावतीबाई म्हटलं की लोकांना पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई तेवढी आठवते आणि तिथेच थांबतात. बघा, सांगितलीच.

बर्लिनपाशी मात्र थांबायला हवं.

1928 साली त्या तिथल्या मानवशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे दाखल झाल्या. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतल्या मिश्र वंशाच्या लोकांवर अभ्यास करून वंशशुद्धीचे सिद्धान्त मांडणारे हे गृहस्थ. पुढे नाझींनी जे केलं त्याच्या मागे असल्या विद्वानांची शिदोरी होती. त्यांनी या तेवीस वर्षांच्या मुलीला कवट्या मोजायला दिल्या. माणसाची कवटी डावी-उजवीकडे सारखी नसते. फिशर यांची अटकळ अशी की गोऱ्या युरोपीय माणसात हा फरक जास्त असतो आणि त्याचं नातं त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे. दीडशेच्या आसपास कवट्या इरावतीबाईंनी मोजल्या. त्यांतल्या काही वसाहतींतून आणलेल्या होत्या. आणल्या म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या. निष्कर्ष लिहिला: कवटीच्या या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही.

जरा डोळ्यांसमोर आणा. परका देश, परकी भाषा, गुलाम देशातून आलेली विद्यार्थिनी, आणि समोर गुरू. गुरूला हवं असलेलं उत्तर ठाऊक आहे. ते देऊन पदवी घेऊन घरी यायला कुणाची हरकत नव्हती. आकडे तसे आले नाहीत, तर त्यांनी ते आले तसे मांडले. 1930 साली डॉक्टर होऊन त्या परतल्या. मला हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगायचा नाही. बाईंची एक खोड इथे दिसते, आणि ती पुढे जन्मभर दिसते. पुरावा जिथे संपतो तिथे त्या थांबतात, आणि पुढे जायचंच असेल तर सांगून जातात. याचं उदाहरण थोड्या वेळानं देते.

अडचण अशी की मोजपट्टी त्यांनी सोडली नाही. 1939 पासून अखेरपर्यंत त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्या काळात महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर त्यावर पुस्तकही केलं. बर्लिनला वंशाच्या अहंकाराची हवा ज्यांनी आकड्यांनी काढली, त्यांनीच ते ओळंबे घेऊन आपल्याकडे हिंडावं, याचं मला आजही कोडं वाटतं. विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी सारवासारव करत नसे. त्या शाखेची सवय होती ती, आणि सवय शहाण्या माणसालाही सुटत नाही.

पण त्या मोजण्यातूनच एक भलतीच गोष्ट हाती आली. घुर्ये आणि इतर बरेच विद्वान मानत, की आधी मोठी वर्णव्यवस्था होती आणि ती फुटत फुटत जाती-पोटजाती झाल्या. भाकरीचे तुकडे व्हावेत तशा. इरावतीबाई म्हणाल्या, उलट आहे. वेगवेगळे गट आधी होते, ते शेजारी येऊन बसले. पुरावा कुंभाराचा. आपल्याकडे कुंभार ही एक जात आहे असं बाहेरच्याला वाटतं. आत जाऊन पाहिलं तर थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. एकाचं चाक मोठं, दुसऱ्याचं लहान, घडवायची रीत निराळी, आणि आपसात रोटीबेटी नाही. एकाच घरातून फुटलेले भाऊ असते तर चाक तरी एक असतं. ही वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या वाटांनी आली, गावानं सगळ्यांना 'कुंभार' म्हटलं. ब्राह्मणांचंही तेच. 1968 साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना छापली, तिथेही 'ब्राह्मण' ही एकसंध चीज हाताला लागली नाही. जात म्हणजे लांबवर पसरलेलं नातलगांचं जाळं, आणि हिंदू समाज म्हणजे अशा जाळ्यांचं बोचकं. हे सगळ्यांनी मानलं असं नाही. शेजारी बसलेल्या गटांत वर-खाली कुणी ठरवलं, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत मागे पडतो असं मला वाटतं. खालच्याला ते बोचकं केवढं जड झालं, हे बोचकं म्हणून भागत नाही.

हे सगळं इंग्रजी ग्रंथांत राहिलं असतं तर आज इथे तुम्ही आला नसता. इरावतीबाई लोकांपर्यंत पोचल्या त्या मराठी निबंधातून. हा आपला लाडका प्रकार. त्यात बहुतेक लेखक चंद्र, पाऊस आणि आजोळ यांपलीकडे जात नसत. बाईंनी त्यात मानवशास्त्र घुसवलं आणि वाचकाला कळूही दिलं नाही. अभ्यासाचा विषय म्हणून स्वतःलाच पुढे केलं. त्यांचा 'परिपूर्ती' हा निबंध आठवा. सभेत त्यांची ओळख करून देतात, महर्षींची सून, प्राचार्यांची बायको, वगैरे, आणि त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात शाळेची पोरं एकमेकांना सांगतात, ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा ओळख पुरी होते. वाचताना आपण हसतो. पण बाईमाणसाची ओळख नात्यांच्या कुठल्या खुंट्यांना टांगलेली असते, ते यात दिसतं. वर्गात तासभर शिकवून मला ते जमलं नाही. 1951 सालच्या त्यांच्या पुस्तकाचं नावही बघा, 'मराठी लोकांची संस्कृती'. 'मराठी संस्कृती' म्हणून भागलं असतं. 'लोकांची' हा शब्द त्यांनी मध्ये घातला.

आता वारी. त्या आळंदीहून पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या तिथली. दर आषाढीला ती तुमच्या फोनवर विठ्ठलाच्या चित्रासकट येते. येऊ दे, चांगली आहे. पण त्याच लेखात आणखी काय आहे, ते कुणी पुढे पाठवत नाही. दिंडी एक, अभंग एक, रस्ता एक, आणि जेवणाच्या पंगती वेगळ्या. ब्राह्मण एकीकडे, मराठे एकीकडे. बाईंना ते रोज खुपत होतं. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. मग बायका हात धरून चालू लागल्या, संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ हं, असं म्हणाल्या. आणि एका तरण्या मुलीनं विचारलं, की तेव्हाही आमच्याशी असंच वागाल ना?

उत्तर त्यांनी काय दिलं ते लिहिलेलं नाही. हजारो वर्षं शेजारी राहून आपण एकमेकांचे झालो नाही, एवढं त्या लिहितात. आपण त्यांच्याकडून व्याख्या घेतली आणि त्या मुलीचा प्रश्न वाटेत ठेवून दिला. लोकांच्या समजुतीवर इरावतीबाईंचा प्रभाव किती, असं मला विचाराल तर मी म्हणेन, निम्मा. गोड निम्मा.

'युगान्त'वर बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. महाभारतातल्या माणसांवरचं 1967 चं पुस्तक, त्याला साहित्य अकादमी मिळालं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, 1966 साली पुरी झाली होती, बाईंनी तिचा आधार घेतला. खांडववन जाळलं ही आपल्याला कृष्णार्जुनांची पराक्रमाची कथा. बाईंना तिथे शेतीसाठी रान साफ करणारे आणि आगीतून निसटू न दिलेले नाग दिसले. धर्मराजाचा बाप विदुर असावा, अशी शंका त्यांनी घेतली. लोक रागावले, पण वाचत राहिले. कुरूंच्या घरातल्या बायका बघा म्हणाल्या: कुणी पळवून आणलेली, कुणी द्रव्य मोजून आणलेली, कुणी दत्तक दिलेली, सगळ्या लांबून आलेल्या परक्या. हे पुराणकथेपेक्षा उत्तरेतल्या सासुरवाशिणीच्या गाण्याच्या जवळचं आहे. आणि अर्जुनानं सुभद्रा पळवली, ती त्याची कोण? वसुदेवाची मुलगी, म्हणजे कुंतीच्या भावाची. मामेबहीण! यादव तर मूळचे मथुरेचे. तेव्हा मथुरेत मला चप्पल मारायला कुणी उठलंच, तर मी सुभद्रेचं नाव घेईन.

मघाशी उदाहरण देते म्हटलं होतं. द्रौपदी हिमालयात पडते. तिथे बाईंनी भीमाला परत फिरवलं आहे, आणि पुढल्या जन्मी तू थोरला हो, असं द्रौपदी त्याला म्हणते. वाचताना घसा दाटतो. हे महाभारतात नाही. पण बाईंनी ते चोरून घातलेलं नाही. इथवरचं ग्रंथातलं, आता पुढची माझी 'नरोटी', असं आधी सांगितलं आहे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, शब्द एकनाथांकडून उचललेला. पुष्कळ कीर्तनकार आणि काही मालिकावाले ती करवंटी आता महाभारत म्हणून वाजवतात. त्यात बाईंचा दोष नाही.

1970 च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. आदल्या वर्षी जाई निंबकर या आपल्या लेकीबरोबर त्यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. कोयनेच्या विजेचं कौतुक सगळा महाराष्ट्र करत होता. उठवलेली माणसं कुठे गेली, कशी राहताहेत, हे विचारत ही मंडळी हिंडली. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. आज वेळ संपली, घंटा वाजवणारे गृहस्थ माझ्याकडे बघताहेत.

खाली चहा आहे म्हणतात. मी वही घेऊन येणार आहे. हात वर केलेल्या मंडळींनी पळून जायचं नाही. तुमची जात मी विचारणार नाही, पगारही विचारणार नाही. तुमची सून तुमच्या बायकोला काय म्हणून हाक मारते, तेवढं सांगा. आणि धारवाडच्या ताई, तुम्ही आधी.