टर्नर काकांचं शवासन

(शाळेचा हॉल. जमिनीवर सतरंज्या, त्यावर घरून आणलेल्या चादरी. खिडकीबाहेर रिक्षांची वर्दळ सुरू झालेली.)

शवासनात सगळ्यात उशिरा सुटतो तो जबडा. पाय लवकर सुटतात, पोट थोडे नखरे करतं, खांद्यांना दोनदा सांगावं लागतं. जबड्याचं मात्र असं, की आपण तो आवळून धरलाय हेच माणसाच्या गावी नसतं. म्हणून या वर्गाच्या ताई रोज न कंटाळता तेच सांगतात. "दातांवर दात नकोत. जीभ टाळूला चिकटली असेल तर सोडा. ओठ मिटलेले राहू देत, आत मोकळं करा." एवढं ऐकलं की हॉलच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून एक सुस्कारा येतो. मग दुसरा.

ठाणं, नौपाडा. सकाळचे सहा वाजून गेलेत. स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या फलाटावर या घटकेला शरीर सैल सोडायचा सल्ला कुणी दिलाच तर त्याची गाडी चुकेल.

ठाणेकरांना योग नवा नाही. घंटाळी मित्र मंडळाचं काम साठच्या दशकापासून चालू आहे. निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीरमध्ये कधीतरी जाऊन आलेलं माणूस तर जवळपास प्रत्येक जुन्या सोसायटीत सापडतं. संयुक्त राष्ट्रांनी 2014 च्या डिसेंबरात योग दिन जाहीर केला. 2015 पासून दर 21 जूनला मैदानं भरतात, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. आम्ही या हॉलमध्ये आलो ते मुद्दाम जून उलटून गेल्यावर. बॅनर उतरल्यानंतर कोण येतं, ते बघायचं होतं.

(कॅमेरा मागच्या रांगेकडे.)

मागच्या रांगेत, भिंतीलगत, टर्नर काका. वर्गात सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. वय सत्तरीच्या आसपास. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्यांचं अख्खं उमेदीचं वय लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेलं.

वागळे इस्टेट म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. महामंडळच 1962 सालचं. रस्त्यांना अजूनही नंबरच आहेत. रोड नंबर 16, रोड नंबर 22, रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. मात्र जिथे शिफ्टचे भोंगे व्हायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं टपरीवर चहा पीत उभी असतात. काकांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी आतच राहिली. केस चालू आहे. तारखा पडतात. फाईल एवढी जाड झाली की तिची दोरी दोनदा बदलावी लागली.

(काकांच्या उजव्या हातावर क्लोज-अप.)

हा हात बघा. सगळं अंग सुटल्यासारखं वाटतंय, छाती संथ वरखाली होतेय, आणि उजव्या हाताचा अंगठा मात्र तळव्यात. वर चारी बोटं घट्ट. नखांशी कातडी पांढरी पडलीय.

आम्ही नंतर विचारलं, तेव्हा काकांनी हवेतच लेथ उभा केला. डावा हात कॅरेजच्या चाकावर, उजवा क्रॉस स्लाइडच्या हँडलवर. "डायलवरची एक रेघ पुढे गेली की जॉब, म्हणजे तो पार्ट, रिजेक्ट. हात हलून चालायचाच नाही." मशीन भंगारात गेलं, हात मात्र ड्यूटीवरच राहिला. काका हे हसत सांगतात. शेजारी बसलेल्या काकू हसत नाहीत.

"हे झोपेत दात खायचे," काकू म्हणतात. "डेंटिस्ट म्हणाला, दाढा झिजल्यात. मी म्हटलं, झिजणारच. रोज रात्री त्या मालकाला चावत होते ना."

काकूंनीच त्यांना इथे आणून सोडलं. निमित्त रक्तदाबाचं.

आता थोडं शास्त्राकडे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात शवासनाचं वर्णन एका श्लोकात उरकलंय. प्रेतासारखं जमिनीवर उताणं पडायचं, त्याने थकवा जातो, चित्ताला विश्रांती मिळते. शतकं लोटली आणि 1969 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर शवासनाचा परिणाम तपासला आणि अहवाल 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. आजच्या हिशेबाने अभ्यास लहानच. पण जे आसन म्हणजे आळशांची सोय समजलं जायचं, त्याला परळच्या डॉक्टरांनी मोजपट्टी लावली, हे मला तरी मोठं वाटतं.

त्यामागची यंत्रणा फार गूढ नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हे काम बघते. म्हणून ताई सांगतात, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. काका गोळी मात्र रोज घेतात. ती बंद करायचा विषय या वर्गात निघत नाही, आणि कुठे निघत असेल तर तिथून उठून यावं.

(वर्ग संपलाय. चादरींच्या घड्या, चपलांचा गोंधळ.)

खरी गंमत पुढे आहे. काकांच्या केसची गोष्ट वर्गात पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. "सोडून द्या हो काका." "गेल्या जन्मीचं देणं समजा." "किती दिवस मनात धरून बसणार?" सल्ले देणाऱ्यांची पेन्शन चालू होती, हे इथे सांगायला हवं. काका भडकले. वर्गात यायचे बंद झाले.

मला विचाराल तर त्यांचं बरोबरच होतं. अध्यात्माच्या नावाखाली दुबळ्यालाच 'सोड' म्हणायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ज्याने पैसे बुडवले, त्याला अपरिग्रह, म्हणजे साठवून न ठेवणं, शिकवायला कुणी जात नाही. खरं तर पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच यमांत, म्हणजे वागण्याच्या नियमांत, अपरिग्रहाच्या आधी अस्तेय येतं, म्हणजे दुसऱ्याचं न लुबाडणं. ते कुणी वाचायचं?

ताईंनी मात्र फोन केला. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. वसुलीची प्रकरणं त्यांनी टेबलाच्या पलीकडून बघितलेली. त्या म्हणाल्या, "काका, केस सोडू नका. रात्री अडीच वाजता केस लढणं तेवढं सोडा. त्या वेळी कोर्ट बंद असतं."

काका दुसऱ्या दिवशी परत आले.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे प्रकरणात, मन आवरायचे दोन उपाय एका दमात सांगितलेत, अभ्यास म्हणजे सततचा सराव, आणि वैराग्य. पुढे वैराग्य कशाला म्हणायचं तेही येतं. पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या विषयांची तहान उरत नाही आणि मनाचा ताबा आपल्याकडे राहतो, ते वैराग्य. त्या सूत्रात वस्तू फेकून द्यायची आज्ञा नाही, आणि दावा मागे घ्यायची तर नाहीच नाही. फाईल कपाटात राहू शकते. ती छातीवर घेऊन झोपायची की नाही, एवढाच प्रश्न.

हे कळलं म्हणून काका बदलले, असं दाखवायला आम्हाला आवडलं असतं. तसं झालं नाही. आधी हात बदलला. ताई शवासनात त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणायच्या, "काका, मूठ." ती उघडायची आणि मिनिटभरात पुन्हा मिटायची. पुन्हा "मूठ". कित्येक आठवडे एवढंच. मग एके दिवशी ताई जवळ यायच्या आतच काकांना आपला अंगठा आत गेल्याचं कळलं. काका त्या दिवसाबद्दल जरा ऐटीत सांगतात. "म्हटलं, पकडला!" साक्षीभाव वगैरे मोठे शब्द ते वापरत नाहीत. आपल्याच अंगठ्याला रंगे हाथ पकडलं, एवढंच म्हणतात.

एकदा हात पकडता आला, की मग दात. मग रात्रीचं ते फाईल उघडून कागद मोजणं. काकू सांगतात की आता फाईल तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी निघते, चष्मा लावून पाहिली जाते आणि परत जाते. रात्री कधी जाग आलीच, तर काका अंथरुणात पडल्या पडल्या श्वास सोडत राहतात.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, मन आवरत नाही अशी तक्रार अर्जुनाने केल्यावर जे उत्तर येतं, त्यात मनाचा एक चांगला गुण सांगितलाय. जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. म्हणून त्याला दामटू नका, पुन्हा पुन्हा त्या गोडीची चव दाखवा. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी, शके 1212 मध्ये लिहिलेलं हे वाक्य ताईंच्या पद्धतीशी तंतोतंत जुळतं. त्या कुणालाही रागावत नाहीत. शवासनाची पाच मिनिटं मात्र कापू देत नाहीत, पलीकडे शाळेची घंटा वाजायची वेळ झाली तरी.

या वर्गात सगळ्यांचं असं होतं असं नाही. काही जण दोन आठवड्यांत गळतात, काही जण घोरतात. आमचा साऊंडवाला पहिल्याच दिवशी झोपला. आणि काही दुखणी सतरंजीवर सुटणारी नसतात. कुणाची झोप, जेवण, जगण्यातला रसच गेला असेल, तर ताई सरळ सांगतात, आधी डॉक्टर, मग आसनं. 1901 सालापासून मनोरुग्णालय असलेलं हे शहर. 'ठाण्याला पाठवा' हा विनोद उभ्या महाराष्ट्राने केला. ताई तो विनोद वर्गात चालवून घेत नाहीत.

(काकांचं घर. टेबलावर फाईल. काका कॅमेऱ्याकडे बघतात.)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी काकांना विचारलं, "मग आता मालकाला माफ केलंत का?"

काका आमच्याकडे बघतच राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? माफ म्हणे." आणि फाईलची गाठ मारत आम्हाला म्हणाले, "माफबिफ काही नाही. व्याजासकट हवेत."