हटनची वाट

[कॉकपिट. समोर काळोख, डावीकडे पुढच्या ताऱ्याचं नाव. मूळ आवाज ठेवावा.]

ऐकलंत? कॉम्प्युटरवरच्या या अवकाशखेळात यानातला आवाज सांगतोय, 'फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह चार्जिंग', म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर उडी मारायचं यंत्र तयार होतंय. कित्येक खेळाडूंना ते 'फ्रेंडशिप ड्राइव्ह' असंच ऐकू येतं आणि आता गमतीनं तेच नाव पडलंय. आपण निघालोय नरतुरंग तारकासमूहातल्या मित्र ताऱ्याकडे, म्हणजे अल्फा सेंटॉरीकडे, तिथल्या हटन ऑर्बिटल या ठाण्यावर. तेव्हा आजच्यापुरतं तरी ते नाव शोभेल.

चार, तीन, दोन, एक.

[उडी. बोगदा. इथे निवेदन थांबेल.]

खेळाचं नाव 'एलिट डेंजरस'. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सनं तो डिसेंबर 2014 मध्ये आणला. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाची आहे, सुमारे 400 अब्ज तारामंडळांची. खेळाडू इतकी वर्षं हिंडताहेत, तरी त्यातला एक टक्काही कुणी पाहिलेला नाही.

आणि हा रंगीत बोगदा? नाटकात दोन अंकांच्या मध्ये पडदा पडतो, तसाच हा. तुम्ही ढगांकडे बघत असता, तेवढ्यात मागे पुढच्या ताऱ्याचं नेपथ्य लागतं.

[तारा एकदम समोर.]

हा क्षण कितीदाही पाहा, छातीत धस्स होतंच. उडी संपते ती नेहमी त्या मंडळातल्या मुख्य ताऱ्यासमोर. म्हणून बाहेर पडता पडता थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणायचं, ही पहिली शिकवण.

[ताऱ्याच्या कडेनं यान. उष्णतेचा आकडा वर चढताना जवळून.]

आता टाकी भरायची. पंप म्हणजे समोरचा तारा. फ्युएल स्कूप उघडायचा आणि ताऱ्याच्या कडेकडेनं जात हायड्रोजन ओढून घ्यायचा. जवळ गेलात तर टाकी भराभर भरते, पण यानही भराभर तापतं. डावीकडचा आकडा बघा: 58, 61, 66. अजून पुढे गेलो असतो तर आतल्या वस्तूंचं नुकसान सुरू झालं असतं. इंधन मिळतं ते ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांपाशी. खेळाडू ही अक्षरं उलटीपालटी करून 'केजीबी फोम' म्हणून लक्षात ठेवतात. हा तारा आपल्या सूर्यासारखा, जी वर्गातला, त्यामुळे काळजी नाही. तपकिरी बटू ताऱ्यापाशी मात्र थेंबही मिळत नाही. तिथे टाकी संपली की थोड्या वेळात प्राणवायू संपतो, यान जातं, न विकलेली शोधांची माहितीही जाते. 'फ्युएल रॅट्स' नावाची खेळाडूंचीच एक मंडळी अशा अडकलेल्यांना इंधन नेऊन देते. त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

[न्यूट्रॉन तारा. दोन्ही बाजूंना निळसर झोत.]

हे दृश्य दुसऱ्या प्रवासातलं, पण दाखवल्याशिवाय राहवेना. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोताच्या टोकाकडून यान आत घातलं की ड्राइव्हला असा काही जोर येतो की पुढची एक उडी चौपट लांब जाते. ड्राइव्ह थोडा झिजतो, आणि झोतात यान भरकटतं ते वेगळंच. आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर इथून जवळजवळ 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिकडे जाणारे बरेच जण असेच एका झोतातून दुसऱ्या झोतात जातात.

[परत अल्फा सेंटॉरी. पडद्यावर लांबवरचा एक ठिपका: हटन ऑर्बिटल.]

खरी गोष्ट इथून पुढे आहे. तारा ते तारा अंतर एका उडीत सरतं. मग ताऱ्यापासून एखाद्या ग्रहापर्यंत कसं जायचं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1984 साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरवर पहिला 'एलिट' लिहिला. मेमरी एकूण 32 किलोबाइट. तेवढ्यात 8 दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत 256 तारे. यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून दर वेळी काही आकड्यांपासून गणित करून तारा नव्यानं काढायचा. पाढे पाठ न करता गुणाकार मांडावा तसं. तिथे वाटेत कंटाळा आला तर 'जे'चं बटण दाबलं की यान पुढे सटकायचं. 1993 च्या पुढच्या भागात अंतरं खऱ्यासारखी झाली, तेव्हा खेळातलं घड्याळच जोरात पळवायची सोय दिली. एकट्यानं खेळायचं होतं, कुणाची हरकत असणार?

2014 मध्ये हीच सोय मोडली. एकाच आभाळात असंख्य माणसं. माझं घड्याळ पळवायचं तर तुमचंही पळवावं लागेल. वेळेला हात लावता येईना, तेव्हा अवकाशच आवळायचं ठरलं. यानाभोवतीची चौकट सरकते, म्हणून ती फ्रेम शिफ्ट. याला म्हणतात सुपरक्रूझ. सेकंदाला 30 किलोमीटरपासून प्रकाशाच्या 2001 पटीपर्यंत वेग. पण जड वस्तू जवळ असली की वेग आपोआप पडतो. मोकळ्यात गेलात तरच यान धावतं.

[वेगाचा आकडा वाढताना. पूर्ण 40 सेकंद. कापू नये.]

हटन ऑर्बिटल हे प्रॉक्सिमा या याच मंडळातल्या दूरच्या ताऱ्याजवळचं ठाणं. मुख्य ताऱ्यापासून 0.22 प्रकाशवर्षं. प्रकाशालाच जायला 80 दिवस लागतील. नुसत्या सुपरक्रूझनं आपल्याला तासाभराहून जास्त. नाक सरळ धरायचं आणि बसायचं. चहा करून आलात तरी आकडा तिथेच.

यावर लोक वैतागतात. एडिटिंग करणारा आमचा मित्रही म्हणाला, हे 40 सेकंद काढ. नाही काढले. नकाशावर बोट ठेवलं की पोचलात, असे खेळ ढीगभर आहेत. इथे शेजारच्या दोन ताऱ्यांमधली पोकळी बुडाला कळ लागेपर्यंत समजते. आम्हाला हाच भाग सगळ्यात आवडतो. हे अंतर खरोखरच एवढं आहे, खेळवाल्यांनी ते फक्त राहू दिलं.

[थ्रॉटलचा निळा पट्टा. पोचायला 7 सेकंद बाकी.]

सात सेकंद उरले की थ्रॉटल निळ्या पट्ट्यात, म्हणजे पाऊणवर. मग यान स्वतःच बेतानं वेग कमी करतं. उशीर केलात तर...

[ठाणं बाजूनं सटकून मागे जातं.]

...हे असं. याला खेळाडू 'लाजेचा फेरा' म्हणतात. वळायचं, लांबून फेरी मारायची आणि पुन्हा यायचं. हा आमचाच. दुसऱ्यांदा.

[हटन ऑर्बिटल. धातूचा सांगाडा, दिवे, छोटा धक्का.]

नवख्यांना सांगतात, हटनला जा, ॲनाकोंडा नावाचं मोठं यान फुकट मिळतं. कुणालाही मिळत नाही. मुळात ॲनाकोंडा उतरेल एवढा धक्काच इथे नाही. मिळतो तो हटनचा मग, तोही पैसे मोजून. आम्ही घेतला.

परतीला तास लागत नाही. पुढचा तारा निवडायचा आणि इथूनच उडी मारायची.

[यान धक्क्यावरून उठतं.]